अण्णांचा जबडा

ते एकोणीसशे त्र्याहत्तर साल होतं. सालाबद्दल मला शंका नाही, कारण त्याच वर्षी आमच्या कान तपासणीच्या विभागात नवं यंत्र आलं आणि जुन्या सवयीनं माझा अंगठा कितीतरी दिवस चुकीच्या बटणावर जात राहिला. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला सगळे भुंगी म्हणत. बोलायला लागायच्या आधीपासून ती स्वतःशीच गुणगुणायची, म्हणून माझ्या नवऱ्यानं ठेवलेलं नाव. एका संध्याकाळी मी बटाटे सोलत होते, ती टेबलाखाली बसून साली गोळा करत होती, आणि खालून एकदम यंत्राचा सूर आला. माझी सुरी थांबली. रोज सकाळपासून मी जो सूर लोकांच्या कानांत सोडायची, सगळ्यात आधीचा, बहुतेकांना सहज ऐकू येणारा, तो सूर. न हलणारा, न वळणारा, ताणलेल्या दोऱ्यासारखा. मी वाकून पाहिलं. भुंगी तोंड अर्धवट उघडं ठेवून, डोळे माझ्यावर लावून तो सूर धरून बसली होती. "हे काय गं?" मी विचारलं. "तुझ्या ऑफिसातलं," ती म्हणाली. शाळेला सुट्टी होती तेव्हा एकदा मी तिला विभागात घेऊन गेले होते, त्याला महिना होऊन गेला होता. आतल्या खोलीतून नवरा हातात पेन्सिल घेऊन धावत आला. तो पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचा आणि घरीही काम आणायचा. "ऐकलंस? ऐकलंस ना?" तो म्हणाला. "आता तरी तुझी खात्री पटली का? की अजून तुला कोणाचं सर्टिफिकेट पाहिजे?" मी पुढचा बटाटा सोलायला घेतला. खरं म्हणजे सर्टिफिकेट मला हवंच होतं. तो सूर अगदी तोच होता की त्याच्या जवळपासचा, हे सांगायला माझ्या कानावर विसंबायची सोय नव्हती. रोज कान तपासणाऱ्या बाईनं हे कोणाला सांगावं?

व्हायोलिनच्या बाईंचं प्रकरण त्याआधीपासून घरात चाललेलं होतं. पलीकडच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्या राहत. मोजकीच मुलं घेत. त्यांच्याकडचं एक कुटुंब गाव सोडून गेलं म्हणून एक जागा रिकामी झाली होती. नवऱ्यानं परस्पर जाऊन विचारलं होतं आणि बाईंनी सांगितलं होतं की शनिवारी मुलीला घेऊन या, नाहीतर मी दुसऱ्याला सांगते. "पाच वर्षं म्हणजे लहान आहे," मी म्हणायची. "बोटं मऊ आहेत तोवर सुरू करायचं असतं," तो म्हणायचा. "तुझी तर चौथ्याच वर्षी झाली होती की सुरुवात." "म्हणूनच म्हणते." "म्हणूनच म्हणजे काय? तू नीट सांगत का नाहीस?" मग मी कपडे घडी करायला घ्यायची. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली तरी मी त्याला ते सांगितलं नव्हतं. लाजेनं नव्हे, सांगायला लागले की ती गोष्ट विनोदी वाटायची, आणि तिला कोणी हसलेलं मला चाललं नसतं.

गोष्ट अशी की मला चौथ्या वर्षी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, व्हायोलिन दिलं. अण्णा टपाल कचेरीत होते. त्यांना स्वतःला वाजवायचं होतं, पण त्यांच्या वडिलांनी ते वाद्य त्यांच्या हातून काढून माळ्यावर टाकलं होतं, आणि मग अण्णा माझ्या मापाचं नवं वाद्य घेऊन आले. रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन, बूटही न काढता ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. शिकवायला एक मास्तर यायचे, पण ते खिडकीबाहेर बघत बसत. बघायचे ते अण्णा. आणि मी अण्णांकडे बघायची. त्यांच्या जबड्याकडे. कानाखाली, हाड जिथं वळतं तिथं, एक गाठ यायची आणि जायची. माझं बोट तारेवर चुकीच्या जागी असलं की ती गाठ घट्ट व्हायची. बोट थोडं वर सरकवलं की जराशी सैल. अजून थोडं, की ती गाठ साखरेसारखी विरघळायची आणि अण्णांचा सगळा चेहरा खाली यायचा, मऊ व्हायचा. बस्स, तिथंच बोट ठेवायचं. मी फार चटकन शिकले. पाहुणे यायचे, कौतुक व्हायचं, मास्तर म्हणायचे, पोरीचा कान म्हणजे सोन्याचा. कानाचा प्रश्नच नव्हता. मी अण्णांना वाजवत होते. त्यांना माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. मुलांना अशा गोष्टी माहीत नसतात. ती फक्त करतात.

मी दहा वर्षांची असताना एका सकाळी अण्णा दाढी करायला आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी आईला हाक मारली ती हाक वेगळीच आली. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू गेली होती. आमच्या विभागात पुढे मी असे पुष्कळ पाहिले. बहुतेकांचं हळूहळू ठीक होतं. अण्णांचं झालं नाही. उरलेली उजवी बाजू डावीला ओढून ओढून सतत ताणलेली राहायला लागली. ते पंधरवड्यानं पुन्हा खुर्ची ओढून समोर बसले, मी वाद्य हनुवटीखाली धरलं, बोट ठेवलं, गज ओढला आणि वर पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. एक बाजू भिंतीसारखी, दुसरी कायमची आवळलेली. मी बोट सरकवलं. पुन्हा सरकवलं. त्या तारेवर मी वर-खाली शोधत राहिले, जसं अंधारात माणूस दाराची कडी शोधतं. मला इतकंच कळत होतं की आवाज येतोय. बरोबर-चूक काही कळत नव्हतं. कधी कळलंच नव्हतं. अण्णा वाकड्या तोंडानं म्हणाले, "नीट." मी रडायला लागले. घरातल्यांना वाटलं, वडिलांचं हे असं झालं म्हणून पोरीनं धसका घेतला. वाद्य पेटीत गेलं ते गेलंच. आईनं पुढं कोणाकोणाला सांगितलं, फार हळवी आहे हो आमची, त्या दिवसापासून हात लावला नाही.

तर टेबलाखालून तो सूर आला तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी पहिलं काय दिसलं असेल, तर भुंगीचे माझ्यावर लागलेले डोळे. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा विभागात घेऊन गेले. आमच्या डॉक्टरांचा स्वभाव थट्टेखोर, पण कान चांगला. ते फावल्या वेळात कुठंतरी समूहात गायचे. मी यंत्र बंद ठेवून भुंगीला म्हटलं, "तो सूर काढ बरं." तिनं काढला. मग मी यंत्र लावलं. डॉक्टरांनी मान कलती केली, भुवया वर गेल्या. "अहो बाई, ही तर यंत्रापेक्षा बरी आहे. यंत्र दुरुस्तीला पाठवा आणि हिला पगारावर ठेवा." भुंगी खुश होऊन डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघून हसली. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझं समाधान होईना. त्या वेळी मला जे सुचलं ते आमच्या धंद्यातल्याच माणसाला सुचू शकतं. मी म्हटलं, हिची तपासणी करू.

लहान मुलांची तपासणी आम्ही खेळासारखी करायचो. मूल आवाज न येणाऱ्या काचेच्या खोलीत बसायचं, कानांवर मोठाले फोन, मांडीवर लाकडी ठोकळे, समोर डबा. सूर ऐकू आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. काचेच्या अलीकडे मी. नव्या मुलींना मी पहिली गोष्ट शिकवायची ती ही, की चेहरा मेलेला ठेवा. मूल ऐकत नसतं, तुमच्याकडे बघत असतं. तुम्ही बटण दाबताना श्वास रोखलात, की ते ठोकळा टाकतं. डोळे खाली नेलेत, की टाकतं. बहिरी मुलं तर यात इतकी तरबेज असतात की आईबापांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मी या कामात नाव कमावलं होतं. माझ्यासारखा कोरा चेहरा विभागात कोणाचा नव्हता. डॉक्टर मला "आमचा पुतळा" म्हणायचे. भुंगी स्टुलावर बसली, पाय लोंबत होते, फोन डोक्यावरून घसरत होते. मी सूर सोडले, मोठे, मग लहान, मग अगदी तळाचे. तिनं एकही सोडला नाही. तिचे कान लख्ख होते. मग मी हात बटणावर नेला, दाबलं नाही, आणि चेहऱ्यावर तेवढंच आणलं जेवढं दाबल्यावर एखाद्या नवख्या मुलीच्या येतं. किंचित. भुंगीनं ठोकळा टाकला. मी पुन्हा तसं केलं. तिनं पुन्हा टाकला, आणि शाबासकीसाठी काचेतून हसली. तिच्या कानांत त्या वेळी काहीही वाजत नव्हतं. मी यंत्र बंद केलं. फोन काढताना तिचे केस अडकले, ती ओरडली, मी तिला उचलून घेतलं आणि ती जड लागली, नेहमीपेक्षा जड. डॉक्टर म्हणाले, "काय झालं? कान चांगले आहेत ना?" "कान चांगले आहेत," मी म्हटलं.

घरी नवरा ऐकून घेईना. "तू पोरीला यंत्रात बसवलंस? आणि वर फसवलंस तिला?" "फसवलं नाही. तपासलं." "अगं, पाच वर्षांचं पोर आईकडे बघणार नाही तर काय पंख्याकडे बघेल?" "ती माझ्यासाठी गाते. तिला गाणं नकोय, मी हवी आहे." "मग काय बिघडलं त्यात? मी नकाशे काढायला लागलो ते कोणासाठी? मोठा भाऊ काढायचा म्हणून. आज भाऊ कुठं आणि मी कुठं. नळ तरी माझेच आहेत." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." हे वाक्य बायका बोलतात तेव्हा त्यांना स्वतःलाही नीट कळलेलं नसतं. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. बसमध्ये, जिन्यात, भाजी निवडताना मी माझा चेहरा जपत होते. भुंगी गुणगुणायला लागली की मी ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारायची, काहीतरी शोधायला कपाटात डोकं घालायची. ती गुणगुणणं थांबवून विचारायची, "आई, तू रागावलीस?" हसले तर हसण्याचा सूर, रागावले तर रागाचा, आणि कोरी राहिले तर पोर घाबरं. एकदा आरशात मी माझ्या कानाखाली बोट लावून पाहिलं. तिथं गाठ होती. अण्णांची होती तशीच, हाड वळतं तिथं. किती दिवसांची कोण जाणे.

शनिवारी मी तिला घेऊन गेले ते बाईंना नाही सांगायलाच. नवऱ्याला म्हटलं, मी जाते, तू नको. तो म्हणाला, "जा. तुझं ठरलेलंच आहे." बाईंचं घर म्हणजे एक लांबट बोळ आणि आत एक खोली. बाई उंच, वाळक्या, स्वयंपाक करता करता आल्यासारख्या बाह्या दुमडलेल्या. मी बोलायला सुरुवात केली, की हिची अजून तयारी नाही, ही ऐकत नाही, चेहरे वाचते, मी रीतसर तपासलंय, माझं कामच ते आहे. बाईंनी अर्धं ऐकलं. "किती बोलता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "बोळात खुर्ची आहे, तिथं बसा." आणि भुंगीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत नेलं. दार लोटलं. ते दार धड लागतही नव्हतं, पण दिसत काही नव्हतं. त्या खुर्चीवरचं माझं बसणं मला अजून अंगात जाणवतं. समोर भिंत, भिंतीवर छत्र्या अडकवायच्या खुंट्या, खाली शिंप्याचं यंत्र चालू-बंद होत होतं. आतून बराच वेळ काही नाही. मग बाईंचा आवाज, "इकडे काय बघतेस? दार काय वाजतंय?" मग एक तार छेडल्याचा आवाज. गज नव्हता, बोटानं. पुन्हा. पुन्हा थांबणं. त्या थांबण्यात ती दाराकडे बघत असणार हे मला दिसत असल्यासारखं कळत होतं, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या माझा चेहरा नीट करत होते, भिंतीसमोर. आता तार छेडली आणि आवाज सरकला, वर गेला, खाली आला. बरोबर होता का? मी सवयीनं समोर पाहिलं. खुंट्या. माझ्यासमोर कोणाचाच जबडा नव्हता. पुन्हा सरकला, जास्त वर, किंचाळल्यासारखा, आणि आत भुंगी खो खो हसली. असं हसणं घरात ती एकटी बाहुल्यांशी खेळताना मी शेजारच्या खोलीतून ऐकलेलं होतं. माझ्यासमोर हसायची ते निराळं. मग तिनं पुन्हा तोच किंचाळणारा आवाज काढला. मुद्दाम. मग तिथून सावकाश खाली उतरत आली, थांबत थांबत, एका जागी आली, तिथं राहिली, तिथून निघून गेली, आणि परत तिथंच आली. कोणी तिला परत ये म्हटलं नव्हतं. बाई गप्प होत्या. मी उठून उभी राहिले होते हे मला नंतर कळलं. मला आत जायचं होतं. दाराला हात लावून मी उभी राहिले. फक्त ढकलायचं, आणि ती वर बघेल, आणि माझ्याकडे बघून हसेल, आणि मग पुन्हा सगळं आमच्या दोघींचं होईल. मी हात काढून घेतला. खुर्चीवर जाऊन बसले आणि पदराचं टोक पिळत राहिले.

बाई एकट्याच बाहेर आल्या. "पहिल्यांदा सारखं दाराकडे बघत होती," त्या म्हणाल्या. "मग विसरली. तुम्ही सांगता ते खरंय, ती चेहरे वाचते. सगळीच वाचतात. ती विसरते का, एवढंच मला बघायचं होतं. घेते मी तिला." मी काहीतरी म्हणणार होते. "एक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं आम्ही काचेपलीकडच्या मुलाकडे बघतो. "तिला आणायला दुसरं कोणी आहे का घरात? तुम्ही येऊ नका. आणि घरी सराव करेल तेव्हाही समोर नको." "मी काही बोलणार नाही," मी म्हटलं. "चेहरा अगदी कोरा ठेवता येतो मला." "माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तोच सगळ्यात वाईट."

नको म्हणायची मुभा होती. नको म्हणायलाच तर मी आले होते. पुढच्या वर्षी बघू, शाळा स्थिरावू दे, अशी दहा कारणं तोंडात तयार होती. भुंगी आतून आली, बोटाच्या टोकाला तारेचा लाल वळ उमटला होता, तो तिनं मला दाखवला नाही, स्वतःच बघत होती. मी म्हटलं, "तिचे बाबा आणतील."

जिना उतरताना तिनं विचारलं, "आई, मी बरोबर वाजवलं?" माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे. मी म्हटलं, "मला माहीत नाही." ती एक पायरी उडी मारून उतरली. "मला पण नाही," ती म्हणाली, आणि उरलेला जिना ती तशीच उड्या मारत गेली, मागं न बघता.

त्यानंतर आमच्या घरात रोज संध्याकाळी सरावाच्या वेळी मी बाहेर पडायची. ऊन असो, पाऊस असो. शेजारणी म्हणायच्या, हिला फिरायचा काय नाद लागलाय. गल्लीतल्या चांभारापासून काच कापणाऱ्यापर्यंत सगळी दुकानं मला पाठ झाली. कधी लवकर परतले तर खालच्या दारात उभी राहायची. वरून आवाज यायचा, मी तो ऐकायची, आणि बरा की वाईट हे कळायचं नाही. शाळेच्या कार्यक्रमाला मी सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाआड बसायची. काही वर्षांनी ही खबरदारी बाईंनाही जास्तीची वाटली असती, पण तोवर मला ती सोडता येईना.

अण्णा भुंगी आठ वर्षांची असताना गेले. तिचं वाजवणं त्यांनी एकदाच ऐकलं. ती डोळे मिटून वाजवत होती, आणि त्यांच्या सरळ राहिलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं. दुसऱ्यातून तर तसंही यायचंच. आमचे डॉक्टर निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला गेले आणि तिथं त्यांनी गाणाऱ्या म्हाताऱ्यांचा जथा जमवला असं पत्रातून कळलं. बाईंची बोटं संधिवातानं वळली. शेवटी शेवटी त्या वाद्य हातात न घेता नुसत्या गाऊन शिकवायच्या, आणि त्यांच्या मागं ती खोली शिंप्यानं गोदामासाठी घेतली. माझा नवरा भुंगीला नेता-आणता बोळात बसून इतका मुरला की निवृत्तीनंतर त्यानं स्वतःच एक जुनं व्हायोलिन आणलं. फार वाईट वाजवायचा, आणि वाजवताना टक लावून माझ्याकडे बघायचा. त्याच्यासमोर मात्र मी खुशाल बसायची, नाक मुरडायची, टाळ्या वाजवायची. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

भुंगी परगावी एका मोठ्या वाद्यवृंदात आहे. पुढच्या खुर्चीवर नाही, मधल्या रांगेत, आणि त्याचं तिला काही वाटत नाही. तिला मूलबाळ नाही. शिकवते मात्र पुष्कळांना. बाप गेल्यावर ती रोज फोन करायला लागली. मागच्या हिवाळ्यात बोलता बोलता म्हणाली, "आई, एक विचारू? तुला माझं वाजवणं कधीच आवडलं नाही ना? मी वाद्य काढलं की तू पायात चप्पल घालायचीस. लहानपणी मला वाटायचं मी इतकं वाईट वाजवते की आईला घरात बसवत नाही." पन्नास वर्षं ती हे घेऊन हिंडत होती, आणि मी समजत होते की माझ्या चेहऱ्यावरून तिला काही मिळू नये एवढी व्यवस्था मी केलीय. मग मी तिला सगळं सांगितलं. अण्णांची खुर्ची, ती गाठ, ती दाढीची सकाळ, काचेच्या खोलीत टाकलेला ठोकळा, बाईंची अट. सांगताना ते विनोदी वाटेल ही भीती होती. ती हसली नाही. नेहमी ती चेहरा दिसणारा फोन लावते. त्या दिवशी साधा लावला होता. "थांब हं," ती म्हणाली. फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला, पेटीच्या खिट्या उघडल्याचा, खुर्ची सरकवल्याचा. मग तिनं वाजवलं. काय ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मी पलंगाच्या कडेवर बसले होते, फोन कानाला घट्ट धरून, आणि माझा चेहरा हवा तसा होऊ देत होते. एका जागी ती थांबली, मागं गेली, तोच तुकडा पुन्हा घेतला. चुकली असेल, किंवा आवडला असेल.